हैदर अलीचे तीनशे रुपये



प्रभू येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, ती जगभरचे ख्रिस्ती लोक आपापल्या भाषेत रोज म्हणतात. त्या प्रार्थनेच्या शेवटाकडे मोहापासून वाचवण्याची विनवणी आहे. पण मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘मोह’ हा शब्द नाही. तिथे शब्द आहे ‘परीक्षा’. देवाने आपल्याला परीक्षेत नेऊ नये, असे आपण मागतो. लहानपणी नगरच्या चर्चमध्ये ही प्रार्थना म्हणताना आम्हा मुलांना हसू यायचे. गणिताच्या पेपरच्या आदल्या रविवारी तर आम्ही ते वाक्य जरा मोठ्यानेच म्हणायचो.

गेली तीन वर्षे मी बँकेच्या नोकरीनिमित्त तामिळनाडूत कुंभकोणमला आहे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे गाव. देवळांची गोपुरे जिकडे पाहावे तिकडे. दर बारा वर्षांनी इथल्या महामहम तलावावर मोठा मेळा भरतो, याआधीचा २०१६ साली झाला. याच गावात १८९९ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे मुख्य ठाणे आहे, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्याही आहेत. रविवारी मी तमिळ उपासनेला जातो. सगळे तमिळमध्ये प्रार्थना म्हणतात, मी मनातल्या मनात मराठीत म्हणतो. पहिल्या काही महिन्यांतच माझ्या लक्षात आले की मी ‘परीक्षा’ म्हणतो त्याच सुमारास सगळे ‘सोदनै’ म्हणतात. शाखेतल्या एका सहकाऱ्याला त्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “टेस्ट, सार.”

म्हणजे मराठीत काय आणि तमिळमध्ये काय, शब्द निवडणाऱ्यांनी एकच अर्थ घेतला. मोह ही परीक्षा आहे. मात्र या परीक्षेचे वेळापत्रक कुणी फळ्यावर लावत नाही. तुमच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी घंटा होते, पेपर वाटले जातात, पर्यवेक्षक फेऱ्या मारतात. इथे यातले काहीच नसते. बरेचदा आपण परीक्षेला बसलो आहोत हेच आपल्याला कळत नाही. आणि म्हणूनच तिची तयारी आधी करावी लागते.

येशूची स्वतःची परीक्षा झाली ती अरण्यात. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर. सैतानाने त्याला तीन गोष्टी सुचवल्या. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. आणि मला नमन कर, म्हणजे सगळी राज्ये तुझी. शुभवर्तमानातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो, तेव्हा एक गोष्ट जाणवते. भुकेल्या माणसाने भाकर खाणे हे काही पाप नव्हे. देवावर विश्वास टाकणे हेही पाप नव्हे. राजा होऊन लोकांचे भले करावे असे वाटणेही वाईट नाही. सुचवलेली प्रत्येक गोष्ट वरवर पाहता ठीकच होती. मोह असाच येतो. तो शिंगे लावून येत नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा घेऊन येतो, आणि आपण भुकेले असतो किंवा दमलेले असतो, तेव्हाच येतो.

माझे वडील सैन्यात हवालदार होते आणि बरीच वर्षे स्टोअरवर होते. ताडपत्री, दोर, घोंगड्या, बादल्या, सगळे त्यांच्या ताब्यात. मी चौथीत असताना माझे दप्तर फाटले. स्टोअरच्या कोपऱ्यात निकालात काढलेल्या कॅनव्हासचा ढीग पडलेला होता. तो पुढे जाळलाच जाणार होता. शेजारच्या काकांनी सुचवले, “हवालदारसाहेब, त्यातला हातभर तुकडा घ्या, पोराचे दप्तर होईल.” वडिलांनी हो-नाही काही म्हटले नाही. पगार झाल्यावर मला सायकलवर बसवून कापड बाजारात नेले आणि दप्तर विकत घेतले. पगार होईपर्यंत मी पुस्तके सुतळीने बांधून शाळेत नेली. परत येताना त्यांनी मला एवढेच सांगितले की जी वस्तू बायकोसमोर, पोरांसमोर आणि साहेबांसमोर सारखीच उघडता येते, तीच घरात आणावी. त्या वयात मला या बोलण्याचा राग आला होता. माझ्या मते तो नुसता चिंधीचा प्रश्न होता.

तो चिंधीचा प्रश्न नव्हता हे मला कुंभकोणमला आल्यावर, एका जर्मन माणसाची गोष्ट वाचताना नीट कळले. ती गोष्ट आपल्या मराठी राज्याच्या इतिहासात घडलेली आहे, म्हणून इथे थोडी सविस्तर सांगतो.

तुम्हाला माहीत आहे की शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. कुंभकोणम त्याच राज्यात होते, तंजावरपासून साधारण ४० किलोमीटरवर. आजही इथे घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. आमच्या गल्लीतल्या एक आजी मला पाहिले की तमिळ बाजूला ठेवून मराठीत विचारपूस करतात. त्यांचे निम्मे शब्द मला कळत नाहीत, पण ऐकायला फार बरे वाटते.

या राज्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचा मिशनरी राहत असे. जन्म १७२६ चा, जर्मनीतल्या ब्रँडेनबर्ग भागातला. १७५० साली तो समुद्रकिनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. अठ्ठेचाळीस वर्षे त्याने याच मुलखात काढली. तिरुचिरापल्लीला त्याने इंग्रज फौजेतल्या शिपायांमध्ये काम केले, पुढे तो तंजावरला स्थायिक झाला. तमिळ त्याला उत्तम येत असे. फारसी आणि हिंदुस्तानी तो शिकला, आणि तंजावरच्या दरबारी मंडळींशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. त्याने लग्न केले नाही. गरजा अगदी थोड्या.

१७७९ साली मद्रासच्या इंग्रज सरकारला म्हैसूरच्या हैदर अलीकडे गुपचूप एक माणूस पाठवायचा होता. हैदरचा इंग्रजांवर विश्वास उरला नव्हता. त्याच्या मनात काय आहे ते कळावे आणि शांततेचा निरोप पोचावा, यासाठी गव्हर्नर रम्बोल्ड यांनी श्वार्ट्झला निवडले. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणला गेला. हैदरने त्याला आपल्या शेजारी गालिच्यावर बसवून घेतले आणि मोकळेपणाने बोलणे केले. निरोप घेऊन श्वार्ट्झ निघाला, तेव्हा त्याच्या पालखीत हैदरने प्रवासखर्चासाठी पाठवलेले तीनशे रुपये होते.

आता या रकमेत वावगे काय होते? एका राजाने पाहुण्याला वाटखर्च दिला. त्या काळची ती रीतच होती. लाच म्हणून दिलेले पैसे नव्हते, आणि श्वार्ट्झने काही काम करून देण्याचे कबूलही केले नव्हते. तरीही त्याने ते परत करायचा प्रयत्न केला. पैसे आणणाऱ्यांनी सांगितले की आम्ही हे परत नेले तर आमच्या जिवावर बेतेल. तेव्हा त्याने ते ठेवून घेतले आणि मद्रासला पोचताच जसेच्या तसे सरकारपुढे ठेवले. सरकार म्हणाले, तुम्हीच ठेवा. मग त्याने विचारले, तंजावरला गरीब मुलांसाठी इंग्रजी शाळा काढायची आहे, हे पैसे त्या शाळेच्या निधीची सुरुवात म्हणून वापरू का? परवानगी मिळाली आणि ते पैसे तिकडे गेले. या कामगिरीबद्दल सरकारने त्याला स्वतःसाठी काही देऊ केले, तेही त्याने घेतले नाही.

कामगिरी मात्र फसली. पुढच्याच वर्षी, १७८० साली, हैदर मोठे सैन्य घेऊन घाट उतरला आणि दुसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध पेटले. गावे जळाली, कालवे फुटले, दुष्काळ पडला. पण त्या धामधुमीतही हैदरने आपल्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला होता की या म्हाताऱ्या पाद्रीला जाऊ-येऊ द्या, त्याच्या अंगाला हात लावू नका.

याच युद्धात तंजावरच्या किल्ल्यातले शिपाई उपाशी पडले. तुम्ही उद्या अधिकारी होणार आहात, म्हणून हा प्रसंग लक्ष देऊन वाचा. गावांमध्ये भात होते. ते किल्ल्यात आणायला बैल हवे होते. पण राजाने हुकूम काढला तरी कोणी बैल देईना, इंग्रजांनी सांगितले तरी देईना. कारण आधी माल नेऊन पैसे बुडवले गेले होते. शेवटी राजानेच म्हटले की आपली सगळ्यांची पत गेली आहे, निदान या पाद्रीवर लोक विश्वास ठेवतात का ते पाहू. श्वार्ट्झने आसपासच्या गावांना पत्रे लिहिली. प्रत्येकाचे पैसे मी माझ्या हाताने चुकते करीन, एवढेच आश्वासन दिले. एक-दोन दिवसांत हजारभर बैल आले. किल्ल्यात धान्य पोचले, शिपाई जगले आणि श्वार्ट्झने शब्द दिल्याप्रमाणे सगळ्यांचे पैसे भागवले.

त्या काळातलीच आणखी एक हकीकत आहे. जाचाला कंटाळून शेतकरी गावे सोडून गेले होते आणि पेरणीचा हंगाम टळत चालला होता. राजाने बोलावले तर ते येईनात. श्वार्ट्झने निरोप धाडला, तेव्हा एका दिवसात सात हजार माणसे परतली.

मी बँकवाला आहे. ‘पत’ हा शब्द माझ्या रोजच्या व्यवहारातला. कागदपत्रे पाहून, ताळेबंद तपासून आम्ही माणसाची पत ठरवतो. श्वार्ट्झची पत कोणत्या कागदावर होती? तीनशे रुपये न ठेवणाऱ्या माणसाची ती पत होती. किल्ल्यातली फौज उपाशी मरत असताना त्याला एकाएकी प्रामाणिक होता आले नसते. अनेक वर्षे, अनेक लहान व्यवहारांत, कोणी पाहत नसताना तो ‘नको’ म्हणत आला होता. लोकांनी ते पाहिले होते. आपल्याला वाटते कोणी पाहत नाही, पण लोक पाहत असतात. ज्या दिवशी उपाशी माणसांना धान्य हवे होते, त्या दिवशी हे सगळे लहान नकार एकत्र होऊन हजार बैल होऊन आले.

मोहाविषयी मला जे सांगायचे आहे ते एवढेच. मोह टाळल्याने आपले मन शुद्ध राहते, हे खरेच. पण त्यात दुसऱ्या कोणाचे तरी जगणे-मरणे अडकलेले असते, आणि ते आपल्याला त्या वेळी दिसत नाही.

श्वार्ट्झची सर्वांत मोठी परीक्षा मात्र पैशांची नव्हती. १७८७ साली तंजावरचे तुळजाजी राजे मरणशय्येवर होते. दत्तक घेतलेला सरफोजी तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. राजांनी श्वार्ट्झला बोलावून सांगितले, याचे पालकत्व तुम्ही घ्या. विचार करा, एका धनवान राज्याचा वारस आणि त्याच्यासोबत सगळा कारभार असा हातात येत होता. अरण्यातल्या तिसऱ्या मोहासारखेच हे. राजा होऊन किती भले करता आले असते! श्वार्ट्झने नम्रपणे नाही म्हटले आणि राजांच्या भावाचे, अमरसिंहांचे नाव सुचवले. तो दूर राहणारा पाद्री, रोजच्या रोज मुलाचे रक्षण कसे करणार?

पण नकार देऊन तो मोकळा झाला नाही. पुढे अमरसिंहांच्या हाताखाली सरफोजीचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झने त्याची बाजू घेतली, शिक्षणाची सोय केली, त्याला सुरक्षित जागी मद्रासला हलवले आणि त्याच्या गादीवरच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे पाठपुरावा केला. सत्ता त्याने घेतली नाही, जबाबदारी मात्र टाकली नाही. ‘मला नको’ म्हणून अंग काढून घेणे सोपे असते. कधी कधी तोही एक मोहच असतो, आपले हात स्वच्छ ठेवण्याचा मोह. सरफोजी १७९८ साली राजा झाला. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला श्वार्ट्झ वारला होता. त्याच्या दफनाला तरुण सरफोजी स्वतः आला होता आणि सगळ्यांसमोर रडला होता, असे नमूद आहे.

कोणी म्हणेल, तो मिशनरी होता, संसार नव्हता, त्याला काय! म्हणून एका संसारी माणसाचेही नाव घेतो. कुंभकोणमहून आगगाडीने तासाभराच्या आत मयिलादुतुरै लागते, जुने नाव मायुरम. तिथे वेदनायकम पिळ्ळै (१८२६–१८८९) हे मुन्सफ होते. धर्माने कॅथलिक. तमिळमधली पहिली कादंबरी १८७९ साली त्यांनीच प्रसिद्ध केली. न्यायाच्या खुर्चीवर बसून त्यांनी लाचखोरीविरुद्ध नीतिपर कविता लिहिल्या. आणखी एक काम त्यांनी केले, ते मला जास्त मोलाचे वाटते. वरच्या न्यायालयाचे इंग्रजीतले निवाडे त्यांनी तमिळमध्ये आणून १८६२ साली छापले. लाच जगते ती लोकांच्या अज्ञानावर. कायदा कुणालाच कळत नसेल तर कारकून जे सांगेल तो कायदा. तो लोकांना त्यांच्या भाषेत कळला की मोहाची अर्धी जागाच उरत नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात त्यांनी पदरचे पैसे घालून उपाशी लोकांना पेज वाटली.

एवढी मोठी माणसे सांगितल्यावर माझी साधी गोष्ट सांगायला संकोच वाटतो. पण रोजच्या आयुष्यात मोह कसा येतो हे दाखवायला ती उपयोगी पडेल.

कावेरीच्या खोऱ्यात शेतकऱ्याची खरी तिजोरी म्हणजे घरातले सोने. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला दागिना बँकेत येतो आणि पीक आले की परत जातो. कर्ज थकले आणि नोटिसा देऊनही भरले गेले नाही, तर शेवटी लिलाव करावा लागतो. आमच्या शाखेत एका शेतकरी बाईची कासुमाला अशी लिलावाला आली होती. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखा हा दागिना, सोन्याच्या नाण्यांचा. तिच्या सासूकडून आलेला. नवरा गेलेला, दोन पिके हातची गेलेली. सगळ्या नोटिसा नियमाप्रमाणे झाल्या होत्या.

डिसेंबरमध्ये एक सराफ भेटायला आले. बोलायला गोड, गावात मान असलेले. म्हणाले, “सार, लिलाव ठेवायचाच आहे तर भोगीच्या दिवशी ठेवा ना. तुमचेही जानेवारीचे काम हलके होईल.” भोगी म्हणजे पोंगलचा आदला दिवस. त्या दिवशी निम्मे व्यापारी आपापल्या गावी गेलेले असतात. बोली लावायला हे आणि यांची दोन माणसे, एवढेच राहिले असते. माळ कमीत कमी किमतीला गेली असती.

नियम कुठेही मोडत नव्हता. तारीख ठरवणे माझ्या हातात होते. भोगीला बँक चालू असते. उद्या कोणी तपासणीला आले असते तरी एक ओळ चुकलेली सापडली नसती. मी विचार करतो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही, कारण तेवढ्यात कॅश बंद करायची वेळ झाली आणि ते उठून गेले.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारात एक मोठे खोके. दुकानाचा माणूस ‘क्रिसमससाठी’ म्हणून ठेवून गेला होता. सौभाग्यवतींनी ते उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते आणि उघडलेही नव्हते. वरच्या फटीतून दिसत होते, नाच्चियारकोविलची पितळी समई होती. कुंभकोणमजवळचे हे गाव समयांसाठी प्रसिद्ध आहे. कमरेइतकी उंच, वर हंस. मला पितळेच्या वस्तूंची फार आवड. दोन वर्षे मी अशी एखादी घ्यावी म्हणून पैसे बाजूला टाकत होतो, आणि मुलीच्या फीमध्ये ते जात होते. खरे सांगायचे तर मी त्या खोक्यापाशी दोन मिनिटे उभा राहिलो. डोक्यात विचार येत होते. नाताळची भेट आहे. नाकारली तर त्यांचा अपमान होईल. तारखेचे मी काही कबूल केलेलेच नाही. समई ठेवून तारीख वेगळी दिली तर कोण काय म्हणणार?

तेव्हा वडिलांची आठवण झाली. ही समई मी सौभाग्यवतींसमोर उघडू शकत होतो का? हो. मुलीसमोर? कदाचित. शाखेतल्या सहकाऱ्यांसमोर, ‘हे अमक्यांकडून आले’ असे सांगून? नाही. तिसऱ्या प्रश्नाशीच उत्तर मिळाले. आम्ही दोघांनी जेवणाआधीच ते खोके रिक्षात घातले आणि त्यांच्या घरी नेऊन दिले. मी म्हणालो, “तुमचा मान राखूनच परत देतो. घरी कॉफीला बोलावले तर नक्की येईन.” ते हसले. कॉफीही पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला सगळे सांगितले आणि लिहूनही ठेवले.

लिलाव जानेवारीच्या शेवटी ठेवला, सगळे व्यापारी गावात असताना. माळ गेलीच. ती वाचवणे माझ्या हातात नव्हते. पण बोली चढली, कर्ज आणि व्याज वजा होऊन वर बरीच रक्कम उरली, आणि ती नियमाप्रमाणे बाईच्या खात्यात जमा झाली. ती पासबुक घेऊन आली, आकडा दोनदा विचारून घेतला, पदराला डोळे पुसले आणि गेली. माळ गेल्याचे दुःख होते, त्यात आभार कसले? तिला सराफांची गोष्ट ठाऊक नव्हती आणि ठाऊक व्हायचे कारणही नव्हते. त्या माळेची किंमत भोगीच्या दिवशी काय आली असती, याचा विचार मी अजूनही कधी कधी करतो. खोक्यातल्या समईची खरी किंमत तीच होती. ती सराफ भरणार नव्हते, ती बाई भरणार होती.

आता तुमच्याविषयी थोडे. तुमच्या रोजच्या दिवसात समई येणार नाही. प्रेपला शेजाऱ्याची वही येईल. परीक्षेत पुढच्या बाकावरचा पेपर जरा सरकलेला दिसेल. मेसमध्ये एकाच्या वाटणीचे दोन तुकडे कोणी तुमच्या ताटात टाकेल. सुट्टीत घरी मोबाइल हातात आला की रात्रीचा एक कधी वाजला ते कळणार नाही. एखाद्या मित्राची चहाडी करून हाऊसमास्तरांची मर्जी मिळेल. सगळ्यांसमोर हसे पिकवण्यासाठी एखाद्या दुबळ्या मुलाला नाव ठेवावेसे वाटेल. हा शेवटचा मोह सर्वांत वाईट, कारण त्यात टाळ्या मिळतात.

माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. मी ख्रिस्ती आहे, म्हणून माझ्या शास्त्राच्या भाषेत सांगतो. तुम्ही आपल्या घरच्या संस्कारात त्या ओळखाल.

पहिली, पळायला लाजू नका. योसेफाची गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. मालकाच्या बायकोने त्याला धरले, तेव्हा तो वाद घालत बसला नाही, उपदेशही केला नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. शत्रूपुढे छातीठोक उभे राहा असे तुम्हाला शिकवतात, ते योग्यच आहे. पण मोहापुढे उभे राहून आपली ताकद आजमावू नये. खोके जेवणाआधी परत न्यावे. ते रात्रभर घरात राहिले तर सकाळपर्यंत आपलेसे वाटू लागते.

दुसरी, एकट्याने लढू नका. प्रभूची प्रार्थना नीट पाहा. ती ‘मला’ म्हणत नाही, ‘आम्हांला’ म्हणते. मोहाला एकांत आवडतो. गोष्ट दुसऱ्याला सांगितली की तिचा निम्मा जोर जातो. श्वार्ट्झने पैसे सरकारपुढे ठेवले, लपवून दान केले नाहीत. सैन्यात तुम्हाला ‘बडी’ असतो. या लढाईतही एक बडी ठेवा, ज्याला तुम्ही सगळे सांगू शकाल.

तिसरी, सराव. शांततेच्या काळात रोज पहाटे कवायत कशासाठी करतात? गोळ्या सुटू लागल्यावर विचार करायला वेळ नसतो, हात-पाय आपोआप चालावे लागतात म्हणून. लहान लहान नकार ही मनाची कवायत आहे. हातभर कॅनव्हास, मेसमधला जादा तुकडा, सरकलेला पेपर. यात ज्याचे मन तयार झाले, त्याला पुढे तीनशे रुपये जड जात नाहीत. एवढे करूनही आपल्या बळावर कोणी पुरा पडत नाही, असे माझा विश्वास मला सांगतो. म्हणून मी रोज ती प्रार्थना म्हणतो. परीक्षा येऊ नये म्हणून मागतो, आणि आलीच तर तिच्यातून बाहेर पडायची वाट दाखव म्हणून मागतो. वाट असते. त्या संध्याकाळी ती एका रिक्षाच्या रूपाने दारातच उभी होती.

शाळेची सहल कधी दक्षिणेला आली तर तंजावरला अवश्य थांबा. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहा. सातशे मैलांवर देवनागरी अक्षरे वाचताना ऊर भरून येतो. मग तिथून जवळच, शिवगंगा तलावाच्या काठावरच्या जुन्या चर्चमध्ये जा. सरफोजी राजांनी इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तिथे आहे. श्वार्ट्झ अंथरुणावर आहे आणि मराठा राजपुत्राने त्याचा हात हातात घेतला आहे. तंजावरच्या मिशनरीसाठी सरफोजी राजांनी ते स्मारक स्वतःहून उभारले. धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. आपल्याला कधीही न फसवलेल्या माणसाचा तो हात होता.